काठियावाडी आणि मारवाडी घोड्यांच्या आतड्यांतले सूक्ष्मजीव: तुलना जातीची होतेय की चाऱ्याची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी काठियावाडी आणि मारवाडी घोड्यांच्या आतड्यांतल्या जीवाणूंची तुलना करायची आहे. भावनगरकडच्या एका खाजगी पागेतले 12 काठियावाडी आणि बडोद्यातल्या वरातीच्या घोड्यांपैकी 12 मारवाडी असे 24 घोडे तिने हेरून ठेवले आहेत. प्रत्येकाच्या लिदीचे तीन नमुने, म्हणजे एकूण 72. एवढी संख्या पुरेल का, नमुना कसा घ्यायचा नि कसा टिकवायचा, सिक्वेन्सिंगला (डीएनए वाचून जीवाणू ओळखायला) जनुकाचा कोणता भाग निवडायचा, आणि आलेल्या फरकावर विश्वास कधी ठेवायचा, असं तिने विचारलं आहे.

आधी आराखड्याबद्दल बोलू या, कारण सगळं तिथेच अडतंय. या आराखड्यात 72 ऐवजी 720 नमुने घेतले तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. भावनगरचे घोडे दिवसातून काही तास चरायला सुटत असतील, त्यांना सुकं गवत आणि जोडीला जव-चण्याची चंदी मिळत असेल. बडोद्यातल्या वरातीच्या घोड्यांपुढे रजको (आपली लसूणघास), गव्हाचा चोकर आणि वर गूळ पडतो. लग्नसराईत रात्र-रात्र बँड, फटाके आणि डांबरी रस्ता. पाणी निराळं, माती निराळी, जंतांचं औषध देण्याची रीतही निराळी. या दोन गटांत जात हा वेगळेपणाचा एक मुद्दा झाला. बाकीचे दहा मुद्दे त्याच्याच बरोबरीने चिकटून आले आहेत. फरक तर नक्कीच दिसेल, आणि त्याला जातीचा फरक म्हणता येणार नाही.

चारा एवढा का भोवतो, ते घोड्याच्या पोटाच्या रचनेत आहे. गाय-म्हशीचा चारा आधी आंबतो, मग पचतो. घोड्याचं उलट आहे. चंदीतलं स्टार्च आणि साखर लहान आतड्यात पचते, आणि उरलेला तंतूंचा भाग सीकममध्ये (अंधांत्रात) आणि मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. सीकम म्हणजे सुमारे मीटरभर लांबीची, तीसेक लिटरची पिशवी, आणि त्यापुढचं मोठं आतडं तर तिच्याहून कितीतरी मोठं. तिथले फायब्रोबॅक्टर, रुमिनोकॉकस, लॅक्नोस्पिरेसी कुळातले जीवाणू आणि त्यांच्यासोबतच्या, ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या बुरश्या तंतू फोडतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट तयार होतं आणि घोड्याच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा त्यातूनच येतो. आता एका वेळची चंदी इतकी झाली की लहान आतड्याला ती पेलली नाही, तर न पचलेलं स्टार्च थेट सीकममध्ये उतरतं. तिथे स्ट्रेप्टोकॉकस आणि लॅक्टोबॅसिलस फोफावतात, लॅक्टिक ॲसिड साचतं, सामू घसरतो आणि तंतू फोडणारे मागे पडतात. हा पालट व्हायला आठवडे लागत नाहीत. एक-दोन दिवसांत सुरुवात होते.

मर्यादा किती, ते आकड्यात पाहा. एका वेळच्या चंदीत शरीराच्या दर किलो वजनामागे 1 ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नको, असं आता धरतात. जुन्या शिफारशी 2 ग्रॅमपर्यंत जात. पागेत वजनकाटा नसतो, म्हणून टेप लावून वजन काढा: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले 11,880. घेर 160 आणि लांबी 145 असेल तर वजन साधारण 312 किलो निघतं. या घोड्याला एका वेळी 312 ग्रॅम स्टार्च चालेल. जवात निम्म्याहून थोडं जास्त स्टार्च असतं, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर जव. याच घोड्याच्या तोबऱ्यात संध्याकाळी एकदम 2 किलो जव पडत असेल तर हिशोब किलोमागे 3 ग्रॅमच्या वर जातो. त्यातही जव अख्खा आहे, भरडलेला आहे की शिजवलेला, यावर लहान आतड्यात किती पचतो आणि किती पुढे सरकतो हे ठरतं. त्यामुळे ‘चंदी: जव’ एवढी नोंद पुरेशी नाही. किती किलो, दिवसातून किती वेळा आणि कशा रूपात, हे तिन्ही लिहा. मोतद्दार ‘दोन डबे’ म्हणाला तर तो डबा भरून काट्यावर ठेवा. डबा चोकराने भरला तर एक वजन आणि जवाने भरला तर त्याच्या दुपटीहून जास्त.

म्हणून आराखडा बदला. दोन्ही जाती एकाच छपराखाली, एकाच चाऱ्यावर असलेल्या पागा शोधा. बडोदा, आणंद, अहमदाबाद या पट्ट्यातल्या खाजगी स्टडमध्ये (घोड्यांच्या पैदास केंद्रांत) आणि रायडिंग क्लबमध्ये विचारत फिरलात तर अशा पागा सापडतात. सहा पागा आणि प्रत्येकीत 3 काठियावाडी, 3 मारवाडी असे 36 घोडे मिळाले तर तुमच्या मूळ बेतापेक्षा हे काम कितीतरी भक्कम होईल. पागेगणिक संख्या अगदी समसमान नसली, कुठे दोन-चार अशी पडली, तरी चालतं; मात्र प्रत्येक पागेत दोन्ही जाती असल्याच पाहिजेत.

यामागचं गणित कळलं की मार्गदर्शकांनाही पटवता येईल. एका घोड्याचे तीन नमुने म्हणजे तीन घोडे नव्हेत, आणि एकाच पागेतले बारा घोडे म्हणजे बारा सुटे पुरावेही नव्हेत. एका जातीच्या सगळ्या घोड्यांची पागा वेगळी असेल तर जातीच्या तुलनेत खरं एकक पागा हेच असतं. तुमच्याकडे मग दोनच एककं उरतात, आणि दोनांवर कोणतीही सांख्यिकी चाचणी उभी राहत नाही. प्रत्येक जातीच्या तीन-तीन पागा घेतल्या तरी सहांतून तीन निवडण्याचे प्रकार 20, आणि लेबलांची अदलाबदल केली तरी परमॅनोव्हाचा (लेबलं फिरवून गटांतला फरक तपासणाऱ्या चाचणीचा) आकडा तोच येतो म्हणून खरे वेगळे प्रकार 10. म्हणजे फरक कितीही ठळक असला तरी पी-व्हॅल्यू (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.1 च्या खाली जाऊच शकत नाही. चार-चार पागा घेतल्या तर 35 प्रकार, तेव्हा कुठे 0.03 च्या खाली सरकता येतं. याउलट दोन्ही जाती एकाच पागेत असतील तर लेबलं पागेच्या आतल्या आत फिरवता येतात: एका पागेत 20 प्रकार, सहा पागांत 20 चा सहावा घात, म्हणजे 6 कोटी 40 लाख. घोडे तेवढेच, सिक्वेन्सिंगचा खर्च तेवढाच; फक्त निवड बदलली.

भावनगरची पागा हातची सोडवत नसेल तर दुसरा मार्ग आहे: मालक तयार असतील तर सगळ्यांना ठरलेला एकच चारा द्यायचा. बदल 7 ते 10 दिवसांत हळूहळू करायचा, एका दिवसात कधीच नाही, पोटशूळ उठतो. नंतर त्याच चाऱ्यावर किमान तीन आठवडे ठेवून मगच नमुना. चाऱ्याचा फरक यात बराच निवतो. पाणी, माती आणि काम यांचा राहतोच. पर्याय म्हणून हा दुय्यमच धरा.

या दोन जातींत फरक किती निघेल याचा अंदाजही आधीच बांधून ठेवा. काठियावाडी आणि मारवाडी आनुवंशिकदृष्ट्या एकमेकांच्या जवळच्या जाती आहेत. एकीचं मूळ सौराष्ट्रात, दुसरीचं मारवाडात, आणि आत वळलेले कान दोघींनाही आहेत. जवळच्या जातींत जातीमुळे पडणारा फरक बारीकच असणार. तुमच्या आलेखात दोन गट लख्ख वेगळे पडले, तर आनंद होण्याआधी चाऱ्याची वही उघडा. झंस्कारी, स्पिती, मणिपुरी, भूतिया यांच्याशी काठियावाडीची तुलना करण्याचा मोहही होतो, आणि तिथे ठळक फरक हमखास दिसेल. पण लडाखच्या थंड उंचीवरचं तट्टू आणि सौराष्ट्राच्या उन्हातला घोडा यांच्यात हवा, उंची, गवत सगळंच बदललेलं असतं. ती प्रदेशांची तुलना झाली. तसं नाव देऊन खुशाल करा, चांगला विषय आहे.

घोडा खरंच त्या जातीचा आहे का, हे कानांवरून ठरवू नका. संकरातही कान वळतात. काठियावाडीत पूर्ण काळा रंग नसतो असं जाणकार मानतात, तेव्हा काळाभोर घोडा काठियावाडी म्हणून पुढे आणला तर कागद मागाच. मायक्रोचिप आणि जातीच्या सोसायटीचा पासपोर्ट असलेला घोडा पहिला घ्या. नसेल तर आयाळीचे 20-30 केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात ठेवा. मायक्रोसॅटेलाइट या डीएनए चाचणीने जात पडताळायला मदत होते आणि नातंही कळतं. नातं महत्त्वाचं आहे, कारण स्टडमध्ये अर्धे घोडे एकाच वळूची पिल्लं असतात. तीन काठियावाडी सावत्र भावंडं निघाली तर तुम्ही जात मोजत नसून एक घराणं मोजताय. शुद्ध घोडे मिळणं दिवसेंदिवस अवघड होत आहे: 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून 6.25 लाख होती, 2019 मध्ये 3.42 लाख. म्हणून प्रत्येक घोड्याच्या लिदीची एक जादा कुपी गोठवून ठेवायचीच. तो घोडा पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

वय 4 ते 15 वर्षं ठेवा. शिंगरं नकोत, ती आईची लीद खातात आणि त्यांचं पोट पहिल्या दोनेक महिन्यांत भराभर बदलत असतं. गाभण आणि दूध पाजणाऱ्या घोड्या वगळा. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक दिलेला, गेल्या आठ आठवड्यांत जंतांचं औषध पाजलेला किंवा महिन्याभरात पोटशूळ झालेला घोडा नको. इथे एक अडचण येते. ‘अँटिबायोटिक दिलं का?’ असं विचारलं की मालक नाही म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी ते ‘तापाचं इंजेक्शन’ असतं. म्हणून ‘गेल्या दिवाळीपासून डॉक्टर कधी आले होते, काय टोचलं, बाटली आहे का?’ असं विचारा. कोनाड्यात रिकामी बाटली बहुधा सापडते.

ऋतू दोन घ्या. पावसाळ्यात हिरवं गवत आणि पुढच्या कोरड्या दिवसांत सुका चारा, यांत पोटातली वस्ती बदलते. ऑगस्टअखेर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा अशा फेऱ्या केल्या तर 36 घोड्यांचे 72 नमुने होतात, म्हणजे तुमच्या मूळ बजेटइतकेच. एकाच दिवसाचे तीन नमुने घेण्यापेक्षा हे पैसे जास्त उपयोगी पडतात. एका फेरीतल्या सहाही पागा दोन आठवड्यांत उरका. पहिल्या आठवड्यात सगळे काठियावाडी आणि दुसऱ्यात सगळे मारवाडी असं अजिबात करू नका.

आता प्रत्यक्ष नमुना. घोडा दिवसातून आठ-बारा वेळा लीद टाकतो, म्हणजे सकाळी सहाला पोचून थांबलात तर दोनेक तासांत बहुतेकांची मिळते. सकाळची चंदी आणि काम या दोन्हींच्या आधीची लीद घ्या. ती पडताना पाहिलेली असली पाहिजे. ‘ही आत्ताचीच आहे’ असं सांगून दाखवलेली नको. वरच्या थरातले, जमिनीला न टेकलेले तीन गोळे उचला. ताज्या गोळ्यावर चकचकीत ओलसर साय असते, हाताला ऊब लागते आणि तो बोटांनी दाबला की खाचेवर फुटतो. आत हिरवट-पिवळे, काडीकाडीचे तंतू दिसतात. कधी जवाचे अख्खे दाणेही. निर्जंतुक स्पॅच्युलाने गोळ्याची साल बाजूला सारून मधल्या गाभ्यातली चिमूट घ्या, तिन्ही गोळ्यांची एकत्र करा आणि 2 मिलीच्या चार कुप्यांत प्रत्येकी सुमारे 200 मिलिग्रॅम भरा. दाणे आणि जाड काड्या टाळा. त्यांच्यामुळे वजन भरतं पण जीवाणू कमी येतात. साल का टाकायची? तिच्यावर गुदद्वाराच्या कातडीचे आणि बाहेरच्या हवेतले जीव असतात, आणि माशा मिनिटभरात बसतात. पडल्यापासून कुपी बंद होईपर्यंत 15 मिनिटांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा 42 वर असताना उघड्या गोळ्यात ऑक्सिजन चालणारे ई. कोलायसारखे जीवाणू वाढू लागतात आणि तुमच्या तक्त्यात तो घोडा उगाच आजारी दिसतो.

उरलेल्या लिदीचे तिथल्या तिथे दोन उपयोग करा. 10 ग्रॅम लीद 10 मिली डिस्टिल्ड पाण्यात कालवून मीटरने सामू घ्या, 6.2 च्या खाली आला तर त्या घोड्याची चंदी पुन्हा तपासा. आणि 20-30 ग्रॅम पिशवीत घालून थंड ठेवा, जंतांची अंडी मोजायला. आतड्यात लहान स्ट्रॉंगाइल जंत जास्त असतील तर जीवाणूंची वस्तीही हलते. एका जातीच्या घोड्यांना वेळेवर औषध मिळतं आणि दुसऱ्यांना नाही, असं निघालं तर तोही जातीच्या वेशात आलेला खोटा फरक ठरतो.

साठवणीची पद्धत एकच धरा आणि शेवटपर्यंत बदलू नका. काही कुप्या अल्कोहोलमध्ये, काही बर्फावर, काही स्थिरक द्रावात असं झालं की द्रावांची तुलना होऊन बसते. सगळ्यांत चांगलं म्हणजे तत्काळ गोठवणं, आणि या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. आणंद-बडोद्याच्या दूधपट्ट्यात कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे द्रव नायट्रोजनचे क्रायोकॅन असतात. 3 लिटरचा एक क्रायोकॅन दिवसभराच्या फेरीला पुरतो. क्रायो-कुपीचं झाकण घट्ट आहे ना ते पाहा: आत नायट्रोजन शिरला तर बाहेर काढताना कुपी फुटते. शक्यतो द्रवाच्या वर, वाफेत लटकवा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे हवेतच. क्रायोकॅन मिळालाच नाही तर थर्मोकोलच्या पेटीत गोठवलेले जेल-पॅक, आणि सहा तासांच्या आत उणे 80 अंशांचा फ्रीझर. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजच्या कप्प्यात ‘तात्पुरतं’ ठेवू नका. तो बर्फ साचू नये म्हणून दिवसातून काही वेळा आपणहून गरम होतो. कुपी वितळते, पुन्हा गोठते, आणि ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणू आधी फुटतात. लेबलावर मार्करने लिहिलेलं अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसलं जातं. क्रायो-लेबलवर पेन्सिलने लिहा आणि झाकणावर नुसता क्रमांक. जात लिहूच नका. प्रयोगशाळेत काम करताना कोणती कुपी कोणाची हे तुम्हालाही कळू नये.

लीद संपूर्ण आतड्याची साक्ष देत नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. ती मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाशी चांगली जुळते, सीकमशी तितकी नाही. मात्र जिवंत घोड्याला इजा न करता एवढंच मिळू शकतं, आणि तुलनेसाठी ते पुरतं. जमिनीवर पडलेली लीद उचलण्याला फारशी हरकत नसते, तरीही संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीचं पत्र आणि मालकाची गुजरातीतली लेखी संमती आधी घ्या. नियतकालिकं ती नंतर मागतात आणि तेव्हा मागच्या तारखेची देता येत नाही. पागेत एखाद्या घोड्याच्या नाकातून घट्ट स्राव येत असेल किंवा अंगावर गाठी-जखमा असतील तर त्या दिवशी नमुने घेऊ नका आणि पशुवैद्याला कळवा. ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि त्याची खबर देणं कायद्याने बंधनकारक आहे.

डीएनए काढताना मण्यांनी घुसळण्याची पायरी असलेलंच किट घ्या, पॉवरफीकल प्रोसारखं. लिदीतल्या फर्मिक्युट्सची भिंत जाड असते (फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडीट्स हे आतड्यातल्या जीवाणूंचे दोन मोठे गट). ती नीट फुटली नाही तर सगळ्याच घोड्यांत बॅक्टेरॉइडीट्स जास्त दिसतील. प्रत्येक तुकडीत दोन्ही जाती आणि सगळ्या पागा चिठ्ठ्या टाकून मिसळा. प्रत्येक तुकडीत एक कोरी कुपी (लीद न घालता सगळ्या पायऱ्या केलेली) आणि एक ठरलेल्या जीवाणूंचं तयार मिश्रण चालवा. कोऱ्या कुपीत राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम असली नावं आली तर ती किटमधून आली, घोड्यातून नव्हे. चाऱ्यातली वनस्पतिजन्य द्रव्यं डीएनएबरोबर उतरतात आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) दाबतात. 260/230 चं गुणोत्तर (प्रकाश शोषणावरून डीएनएची शुद्धता दाखवणारं) कमी दिसलं की तोच डीएनए दहापट पातळ करून लावा, बहुतेक वेळा चालतो. पीसीआरची आवर्तनं 25 च्या आसपास ठेवा. पट्टी अंधुक आली म्हणून 35 पर्यंत गेलात की काइमेरा (दोन जीवांचे तुकडे जोडलेले खोटे अनुक्रम) वाढतात.

कोणता भाग? जीवाणूंची ओळख पटवणाऱ्या 16एस जनुकाचा व्ही3-व्ही4 हा भाग घेतला तर प्रायमरसह लांबी सुमारे 464 बेस (डीएनएची अक्षरं) होते. 2×300 वाचनात (दोन्ही टोकांकडून 300-300 बेस) 136 बेसचं आच्छादन मिळतं, टोकं कापूनही पुरतं. स्वस्त पडतं म्हणून 2×250 घेतलंत तर आच्छादन 36. दोन्ही बाजूंनी खराब 20-20 बेस कापले की वाचनं जुळतच नाहीत, आणि डाडा2 या वाचनं साफ करून जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निम्म्याहून जास्त माल गळतो. 2×250 च मिळत असेल तर नुसता व्ही4 घ्या. नमुन्यामागे 40-50 हजार वाचनं मागा. सिल्व्हा डेटाबेसने नावं लावल्यावर क्लोरोप्लास्ट आणि मायटोकॉन्ड्रिया वगळा. गवत खाणाऱ्या प्राण्याच्या लिदीत ते असणारच. ट्रेपोनेमा दिसलं म्हणून घाबरू नका. घोड्याच्या आतड्यात स्पायरोकीट (ट्रेपोनेमासारखे मळसूत्री जीवाणू) नेहमीचे रहिवासी आहेत.

विश्लेषणात सगळ्यात जास्त घसरण टक्केवारीवर होते. मडक्यात 90 दाणे ज्वारीचे आणि 10 मुगाचे आहेत. वरून 100 मूग टाकले. ज्वारीचा वाटा 90 टक्क्यांवरून 45 वर आला, पण ज्वारीचा एकही दाणा गेला नाही. सिक्वेन्सिंग फक्त वाटा सांगतं. म्हणून ‘मारवाडीत फायब्रोबॅक्टर निम्मं’ असं लिहिण्याआधी क्यूपीसीआरने एकूण 16एस प्रती मोजा, किंवा एन्कॉम-बीसी, ऑल्डेक्स2 यांसारख्या वाट्यांचं भान ठेवणाऱ्या पद्धती वापरा आणि शेकडो चाचण्यांसाठी पी-व्हॅल्यू सुधारून घ्या. फर्मिक्युट्स-बॅक्टेरॉइडीट्स गुणोत्तरावर निष्कर्ष टांगू नका. माणसांच्या लठ्ठपणाच्या चर्चेतून आलेला तो आकडा घोड्यात किट, चारा आणि ऋतू बदलला की हलतो.

परमॅनोव्हा आर भाषेतल्या ॲडोनिस2 फंक्शनने करा, लेबलं पागेच्या आतच फिरतील अशी अट घालून, आणि दोन ऋतू वेगवेगळे चालवा, म्हणजे एकच घोडा दोनदा मोजला जाणार नाही. सोबत बीटाडिस्पर चालवाच: दोन गटांचं केंद्र वेगळं आहे की एका गटाचा पसारा नुसता मोठा आहे, हे त्यावरून कळतं. वरातीच्या घोड्यांचा पसारा लग्नसराईत फुगलेला दिसू शकतो. मग प्रत्येक ऋतूतले पागा आणि जात यांचे आर-वर्ग (एकूण फरकातला प्रत्येकाचा हिस्सा) एका तक्त्यात शेजारी मांडा. जातीचा हिस्सा पागेच्या हिश्श्यापुढे लहान आला तर तो तसाच छापा. तो निकाल फसलेला नाही. आपल्याकडच्या घोड्यांबद्दल तो खरा आणि कामाचा निकाल आहे.

फरकावर विश्वास ठेवायला माझी कसोटी अशी: तोच जीवाणू सहांपैकी किमान पाच पागांत त्याच दिशेने कमी-जास्त असावा, दोन्ही ऋतूंत असावा, आणि वय, चंदीचं स्टार्च, जंतांच्या अंड्यांची संख्या हिशोबात धरल्यावरही टिकावा. त्या जीवाणूच्या नावावरून ‘काठियावाडी निकृष्ट चारा जास्त चांगला पचवतो’ इथपर्यंत उडी मात्र मारू नका. पिक्रस्ट2 सारखी साधनं कामाचा अंदाज ज्ञात जीनोमवरून बांधतात, आणि घोड्याच्या आतड्यातल्या बऱ्याच जिवांचे जीनोम त्यांत नाहीत. पचनाबद्दल बोलायचं तर पचनच मोजावं लागतं: प्रत्येक पागेतल्या चार-पाच पेंढ्यांतून मिळून अर्धा किलो चारा घेऊन त्याचं एनडीएफ आणि एडीएफ (तंतूंची मापं) आणि हिशोबाची खूण म्हणून आम्लात न विरघळणारी राख, आणि लिदीतलंही तेच. प्रोबायोटिक बनवता येईल का, असंही काही जण विचारतात. लिदीत जास्त दिसलेला जीवाणू पाजला की तो टिकतो, असं नाही. प्रबंधात हा विषय आणूच नका.

मालकांना निकाल काय द्यायचा, हे आधी ठरवा, कारण दुसऱ्या ऋतूत त्यांच्याच दारात जायचं आहे. सिक्वेन्सिंगचे रंगीत पट्टे त्यांच्या कामाचे नाहीत. वजन, लिदीचा सामू, एका वेळच्या चंदीतलं स्टार्च आणि जंतांच्या अंड्यांची संख्या, एवढं एका कागदावर गुजरातीत लिहून द्या. अंडी मॅकमास्टर पद्धतीने मोजा: 4 ग्रॅम लीद, 26 मिली मिठाचं संपृक्त द्रावण, दोन्ही कप्प्यांतली अंडी मिळवून गुणिले 25. आकडा 200 च्या वर गेला तर पशुवैद्य औषध देतील, आणि 14 दिवसांनी पुन्हा मोजलं की औषध लागू पडलं का तेही कळेल. फक्त क्रम चुकवू नका: आधी तुमचा नमुना, मग औषध, आणि फेब्रुवारीच्या फेरीपूर्वी मधे किमान आठ आठवडे. ऑगस्टअखेरीच्या नमुन्यानंतर लगेच पाजलं तर हे आपोआप जमतं. दिवाळीनंतर ढकललं तर मकरसंक्रांतीच्या आसपास कोणी पुन्हा डोस देत नाही ना, हे फोन करून विचारत राहावं लागेल.